चाळिशीच्या तोंडावर मेड स्कूल : यादी कुठून सुरू करायची

प्रश्न थोडक्यात असा होता : वय ३८, पुण्यातून बी.ई., बारा वर्षं आयटी, राहायला एडिसन न्यू जर्सी, ग्रीन कार्ड गेल्या वर्षी हातात आलं, मुलं ९ आणि ६ वर्षांची. पोस्ट-बॅक (डिग्रीनंतर मेड स्कूलसाठी लागणारे सायन्सचे कोर्स) करून बायो, केमिस्ट्री, ऑरगॅनिक, फिजिक्स, बायोकेम मिळून ५२ क्रेडिट्स, जीपीए ३.८, एमकॅट, म्हणजे मेड स्कूलची प्रवेश परीक्षा, ५११. पुढे सायकियाट्री नाहीतर इंटर्नल मेडिसिन करायचंय. रँकिंगप्रमाणे लावलेली ४० कॉलेजांची एक्सेल शीट तयार आहे आणि विचारलंय की "ताई, माझ्या वयाला यातली कुठली चालतात आणि कुठली काढून टाकू?"

ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस. मी स्वतः ३७ व्या वर्षी मेड स्कूलला गेले, त्याआधी नाशिकची बी.फार्म आणि इथे फार्मा कंपनीत क्वालिटीमध्ये दहा वर्षं. आता पेनसिल्व्हेनियात फॅमिली मेडिसिन करते आणि गेली काही वर्षं एका कॉलेजच्या इंटरव्ह्यू पॅनेलवरही बसते, म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात.

आधी वयाचं संपवू. "वयाला चालणारी कॉलेजं" अशी वेगळी यादी नसते गं. १९७५ चा एज डिस्क्रिमिनेशन ॲक्ट आहे, फेडरल पैसा घेणाऱ्या संस्थेला वयावरून नकार देता येत नाही आणि तो पैसा न घेणारं मेड स्कूल शोधायला दिवा घेऊन फिरावं लागेल. बेथेस्डाच्या सैन्यदलाच्या युनिफॉर्म्ड सर्व्हिसेस युनिव्हर्सिटीला वयाची अट आहे, पण तिथे सिटिझनच लागतो, त्यामुळे तुझ्यासाठी तो विषयच नाही. पॅनेलवर मी आजवर कुणाला "फार मोठी आहे हो ही" म्हणताना ऐकलेलं नाही. पण वय मागच्या दाराने आत येतं, ते असं की सायन्सचे कोर्स दहा वर्षांपूर्वीचे, प्रोफेसरांच्या जागी मॅनेजरचं लेटर, आणि निबंधात लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे लिहून मधल्या बारा वर्षांबद्दल एक अक्षर नाही. तुझे कोर्स ताजे आहेत, सायन्सच्या दोन प्रोफेसरांची लेटर्स तेवढी आत्ताच मागून ठेव, सेमिस्टर संपल्यावर सहा महिन्यांनी त्यांना तुझा चेहरा आठवणार नाही.

तुझं खरं लफडं वय नाहीये, तुझी पुण्याची डिग्री आहे. हे कुणी आधी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी पहिल्या वर्षी ३१ कॉलेजांना अर्ज केला होता, तुझ्यासारखीच शीट, वरून खाली रँकिंग. दोन इंटरव्ह्यू आले, दोन्हीकडे वेटलिस्ट, शेवटी काहीच नाही. उन्हाळ्यात एकेका ऑफिसला फोन लावत बसले तेव्हा कळलं की त्यातल्या नऊ ठिकाणी डिग्री बाहेरच्या देशातली असेल तर अमेरिकेतले किंवा कॅनडातले ९० क्रेडिट्स लागतात आणि माझे होते ४४. म्हणजे त्या नऊ जणांनी माझा निबंध उघडूनसुद्धा बघितला नसणार, आणि त्यातल्या सहांनी सेकंडरी, म्हणजे कॉलेजचा स्वतःचा दुसरा अर्ज, पाठवून तिची फी मात्र न विसरता घेतली. नियम त्यांच्या वेबसाइटवर होता, कुठेतरी चौथ्या पानावर, मीच वाचला नव्हता, पण तरी जीव जळायचा तो जळलाच.

तर प्रत्येक कॉलेजचं याबाबतीत वेगळं आहे. काहींना अमेरिकन किंवा कॅनेडियन बॅचलर्सच लागते, मग तुझे ५२ काय नि १५२ काय. काहींना ९० क्रेडिट्स, काहींना ६०, काहींना एक-दोन वर्षांचं इथलं शिक्षण, आणि काहींना फक्त प्रीरिक्विझिट्स (आधी लागणारे सायन्सचे कोर्स) इथे झालेली असली की पुरतं, बाकी डिग्रीचं इव्हॅल्युएशन करून द्या म्हणतात. तू एक छोटीशी ईमेल तयार कर आणि चाळीसही ठिकाणी पाठव, त्यात तीनच प्रश्न : भारतातली बी.ई. आणि इथले ५२ क्रेडिट्स एवढ्यावर मी अर्ज करायला पात्र आहे का, कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट्स धरता का, आणि एमकॅट किती जुना चालतो. फोनवर विचारू नकोस, लेखी उत्तर घे आणि पीडीएफ करून ठेव. फोनवर समर जॉबवाला विद्यार्थी बसलेला असतो, तो काहीही सांगतो. माझा अंदाज असा की या एकाच चाळणीत तुझी चाळीसची बावीस-चोवीस होतील. एमकॅटचा प्रश्न एवढ्यासाठी की बहुतेक ठिकाणी स्कोअर दोन-तीन वर्षंच चालतो, समजा या वर्षी नाही झालं आणि पुन्हा अर्ज करावा लागला तर स्कोअर शिळा होतो, ते आधी माहीत असलेलं बरं.

मग प्रश्न येतो की ३८ क्रेडिट्स आणखी करून ९० पूर्ण करावेत का. माझं मत : ज्या कॉलेजला तू घरून जाऊ शकतेस आणि जे बाकी सगळ्या बाजूंनी तुझं आहे, त्यासाठी विचार कर. ओहायोतल्या एखाद्या नावासाठी दीड वर्ष घालवू नकोस.

यात एक चांगली बाजूही आहे. ॲमकॅस, म्हणजे एम.डी. कॉलेजांचा सामाईक अर्ज, परदेशातले मार्क जीपीएत धरत नाही. म्हणजे पुण्यातली ती एम-थ्रीची (गणिताची) केटी, असलीच तर, कुणाच्या हिशेबात येत नाही, तुझा ॲमकॅस जीपीए म्हणजे इथले ५२ क्रेडिट्स, ३.८. कॉलेजचं नाव मात्र भरावंच लागतं, लपवाछपवी करायची नाही.

दुसरी चाळणी राज्याची. इथे सरकारी मेड स्कूलं ही त्या त्या राज्याच्या पोरांसाठी असतात, हे आपल्याला खरं तर पटकन कळायला हवं, महाराष्ट्रातला ८५ टक्क्यांचा कोटा बघतच मोठे झालो ना आपण. टेक्सासची सरकारी कॉलेजं कायद्यानेच ९० टक्के जागा टेक्सासवाल्यांना देतात आणि त्यांचा अर्जही वेगळा, टीएमडीएसएएस म्हणून. जॉर्जियातलं मर्सर, नॉर्थ कॅरोलायनातलं ब्रोडी, मिसिसिपी, हे आपल्याच राज्यातली मुलं घेतात, तिथे बाहेरून अर्ज करणं म्हणजे फी दान करणं. तुझ्या शीटमध्ये अशी सात-आठ तरी असणार. मेड स्कूलांची संघटना एएएमसी, तिचं एमसार नावाचं सबस्क्रिप्शन घे, फार महाग नाहीये, त्यात प्रत्येक कॉलेजने बाहेरच्या राज्यातले किती इंटरव्ह्यूला बोलावले आणि किती घेतले ते दिसतं. बाहेरच्या राज्यातून हजारो अर्ज आणि घेतले चार-सहा असं दिसलं की ती ओळ उडव, हळहळ करत बसू नकोस. ग्रीन कार्ड आहे हे तुझं मोठं नशीब, एच-फोरवर (एच-वनवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर) असतीस तर निम्मी सरकारी कॉलेजं इथेच संपली असती.

आता नकाशा. एक कागद घे, मध्ये एडिसन लिही, भोवती वर्तुळं काढ. हे मी गमतीने सांगत नाहीये, दुसऱ्या वर्षी मी अक्षरशः हेच केलं आणि १५ कॉलेजांना अर्ज करून तीन ठिकाणी प्रवेश मिळाला. तुझ्याकडे दोन मुलं आहेत, घराचं कर्ज असेल, नवऱ्याची नोकरी आहे. २३ वर्षांचा मुलगा दोन सुटकेसा घेऊन कुठेही जातो, तू जाणार नाहीयेस, आणि जाणार नसशील तर अर्ज तरी कशाला करायचा?

पहिल्या वर्तुळात, रटगर्सचं रॉबर्ट वुड जॉन्सन, पिस्कॅटवेला, म्हणजे तुझ्या अंगणातच. रटगर्सचंच न्यूआर्कचं न्यू जर्सी मेडिकल स्कूल, मेट्रोपार्कहून ट्रेनने न्यूआर्क पेन. नटलीचं हॅकेन्सॅक मेरिडियन, जे २०१८ मध्ये सुरू झालं, त्याचा मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि चौथं वर्ष वेगवेगळ्या प्रकारे वापरता येतं. खाली कॅमडेनला कूपर आणि स्ट्रॅटफर्डला रोवन-व्हर्च्यूआ, हे डी.ओ. आहे, त्याबद्दल पुढे सांगते. कॅमडेन तुझ्या घरापासून साठेक मैल, रोज होणार नाही, पण आठवड्यातून तीन रात्री तिकडे खोली घेऊन करणारी एक बाई मी पाहिलीये. तिची सासू इथे होती म्हणून जमलं, हेही सांगायला हवं.

दुसऱ्या वर्तुळात न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फिया. न्यूयॉर्कला ट्रेनची सवय असेल तर काही ठिकाणं दीड तासात येतात, पण वॅलहॅलाला किंवा लाँग आयलंडला एडिसनहून रोज जाईन असं म्हणणाऱ्याने आधी एकदा सोमवारी सकाळी करून बघावं. फिलाडेल्फियाला ट्रेंटनपर्यंत एनजे ट्रान्झिट आणि पुढे सेप्टा, किंवा गाडी. तिथे टेंपल, जेफरसन, ड्रेक्सेल, डी.ओ. मध्ये पीकॉम. ड्रेक्सेलवरून आठवलं, आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये जिथून डॉक्टर झाल्या ते विमेन्स मेडिकल कॉलेज पुढे विलीन होत होत आज ड्रेक्सेलमध्ये आहे, आणि मराठी बाईला तो फॉर्म भरताना उगाच भरून येतं. मलाही आलं होतं. पण ड्रेक्सेल, जॉर्जटाउन, जॉर्ज वॉशिंग्टन, बॉस्टन अशी जी मोठी प्रायव्हेट कॉलेजं आहेत त्यांच्याकडे दरवर्षी दहा हजारांच्या वर अर्ज जातात, तिथे तुझ्या अर्जात त्यांना हवं असं काही ठोस असेल तरच टाक, भावनेपोटी एखादं चालेल, पाच नको.

नकाशात लोक एक गोष्ट विसरतात, मीही विसरले होते. पहिली दोन वर्षं वर्गात, म्हणजे पत्ता कळतो. तिसऱ्या वर्षापासून रोटेशन्स, म्हणजे हॉस्पिटलातल्या एकेका विभागात काही आठवडे राहून शिकणं, आणि ती कुठल्या हॉस्पिटलात हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं. ज्यांचं स्वतःचं मोठं हॉस्पिटल बाजूलाच आहे तिथे प्रश्न नाही. पण बऱ्याच कॉलेजांची, विशेषतः डी.ओ. ची, रोटेशन्स दोन-दोन तास लांबच्या गावांत असतात आणि कधीकधी चिठ्ठ्या टाकून ठरवतात. ॲरिझोनात ए. टी. स्टिलचं एक कॉलेज आहे तिथे तर पहिलं वर्ष मेसाला आणि दुसऱ्या वर्षापासूनच देशभरातल्या कम्युनिटी हेल्थ सेंटर्सवर पाठवतात. कल्पना सुंदर आहे, मोकळ्या माणसासाठी. माझं सर्जरीचं रोटेशन घरापासून ८५ मैलांवर आलं होतं, पहाटे पाचला राउंड, मुलगी तेव्हा दहा वर्षांची, आणि त्या आठ आठवड्यांत मी तिला जागी अशी मोजून सहा वेळा पाहिली. इंटरव्ह्यूत "तुम्हाला काही विचारायचंय का" म्हणतात तेव्हा हेच विचार : तिसऱ्या वर्षाच्या जागा कोण ठरवतं, मुलं असणाऱ्यांची सोय बघतात का. आणि संध्याकाळी विद्यार्थ्यांशी गप्पांचं सेशन असतं त्यात तोच प्रश्न पुन्हा विचार. दोन उत्तरं जुळली नाहीत तर विद्यार्थ्यांचं खरं धर.

डी.ओ. तुझ्या शीटमध्ये एकही नाहीये, हे मला खटकलं. मला माहितीये का नाहीये ते. माझ्या आत्याने नाशिकहून फोनवर विचारलं होतं, "डी.ओ. म्हणजे होमिओपॅथी का गं?" नाही. अमेरिकेत डी.ओ. हा पूर्ण डॉक्टर आहे, लायसन्स तेच, प्रिस्क्रिप्शन तेच, ऑपरेशन थिएटर तेच. शिकताना हाडा-स्नायूंवर हाताने उपचार करण्याचा भाग जास्तीचा असतो आणि कॉमलेक्स नावाच्या परीक्षा वेगळ्या असतात. २०२० पासून एम.डी. आणि डी.ओ. दोघांच्या रेसिडेन्सीची (डिग्रीनंतरच्या हॉस्पिटलातल्या ट्रेनिंगची) मान्यता एकाच व्यवस्थेखाली आली. न्यूरोसर्जरी किंवा डर्मॅटोलॉजी म्हणाली असतीस तर डी.ओ. ने वाट अवघड होते हे स्पष्ट सांगितलं असतं. तुला सायकियाट्री नाहीतर इंटर्नल हवंय. तुझा ५११ एम.डी. ला प्रवेश मिळालेल्यांच्या सरासरीच्या जेमतेम जवळ, ती ५१२ च्या आसपास असते. डी.ओ. ची सरासरी ५०४-५०५ च्या घरात, म्हणजे तिथे तू बऱ्यापैकी वर आहेस. रोवन-व्हर्च्यूआ, पीकॉम, न्यूयॉर्कचं टूरो, लाँग आयलंडचं एनवायआयटी, ही चार बघ, त्यातली कमीत कमी तीन ठेव. त्यांचा अर्ज ॲकोमसवरून (डी.ओ. चा सामाईक अर्ज) जातो आणि तिथे पुण्याच्या डिग्रीचं कोर्सवार इव्हॅल्युएशन लागतं, त्याला वेळ जातो, आत्ताच सुरू कर. युनिव्हर्सिटीतून ट्रान्स्क्रिप्ट काढायला कुणीतरी नात्यातलं खिडकीवर उभं करावं लागतं हे तुला मी सांगायला नको.

कॅरिबियनचं कुणी सुचवलं असेल तर नको. तिथून डॉक्टर झालेले चांगले लोक आहेत, माझ्याच ग्रुपमध्ये आहेत, पण मधे गळणारे बरेच आणि शेवटी मॅच न झाल्यास, म्हणजे रेसिडेन्सीची जागा न मिळाल्यास, कर्ज तुझ्या डोक्यावर. तेविशीत तो जुगार परवडत असेल कदाचित.

पैशांवर जरा थांबू, कारण नियम आत्ताच बदललेत. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना ग्रॅड प्लस नावाचं फेडरल कर्ज मिळणार नाही, मेडिकलसारख्या प्रोफेशनल कोर्सला फेडरल कर्ज वर्षाला जास्तीत जास्त ५० हजार डॉलर आणि एकूण २ लाख. आणि काही प्रायव्हेट कॉलेजांत राहणं-खाणं धरून वर्षाचा खर्च ९० हजार ते लाखाच्या घरात जातो. मधली दरी एक तर प्रायव्हेट कर्ज नाहीतर पदरमोड, आणि चाळिशीत रिटायरमेंटची पुंजी मोडून हे करायचं नसतं, हे मी नवऱ्याशी भांडून शिकले. म्हणून शीटमध्ये रँकच्या जागी एक कॉलम टाक, "वर्षाचा एकूण खर्च वजा ५० हजार". घरी राहून रटगर्सला गेलीस तर तो आकडा बघ आणि शिकागोच्या एखाद्या प्रायव्हेटचा बघ, मी आणखी काही बोलायची गरज राहणार नाही.

फुकट कॉलेजं, हो, आहेत. एनवाययू २०१८ पासून सगळ्यांना ट्यूशन माफ करतं, आइन्स्टाइन २०२४ पासून. एनवाययूचा एमकॅट ५२० च्या वर असतो, तो नाद सोड. आइन्स्टाइन एक ठेव, ब्राँक्स आहे, लांब आहे, पण फुकटसाठी माणूस ब्राँक्सला जातो. स्क्रँटनच्या गाइसिंगरमध्ये अशी योजना आहे की प्रायमरी केअर किंवा सायकियाट्री करून त्यांच्याकडे काही वर्षं नोकरी करायची आणि ट्यूशन ते भरणार, तुला सायकियाट्रीच हवीये तेव्हा ते नीट वाच, फक्त स्क्रँटनला घर हलवावं लागेल. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरच्या स्कॉलरशिपला सिटिझन लागतो, ग्रीन कार्ड चालत नाही.

आणि एक मजा. फेडरल कर्जासाठी तुला स्वतंत्र धरतात, पण बऱ्याच कॉलेजांची स्वतःची मदत हवी असेल तर आई-वडिलांचं उत्पन्न विचारतात, तू चाळीस वर्षांची, दोन पोरांची आई असलीस तरी. मी ३७ व्या वर्षी बाबांची पेन्शनची कागदपत्रं डॉलरमध्ये करून पाठवली होती. बाबा फोनवर म्हणाले, "तुझ्या लग्नातसुद्धा एवढे कागद लागले नव्हते." कुठलं कॉलेज हे मागतं आणि कुठलं ठराविक वयानंतर सोडून देतं ते फायनान्शियल एडच्या ऑफिसला आधीच विचार, त्यावरून एक-दोन ओळी वर-खाली होतील.

तीन वर्षांच्या कोर्सबद्दल पोरं मला फार विचारतात. हॅकेन्सॅकचं सांगितलंच, एनवाययूचं लाँग आयलंडचं कॉलेजही तीन वर्षांचं आहे. आपल्या वयाला एक वर्ष वाचणं म्हणजे एक वर्ष डॉक्टरचा पगार जास्त, हिशेब बरोबर आहे. पण ते वर्ष उन्हाळ्याच्या सुट्ट्यांमधून काढलेलं असतं आणि तुझा धाकटा सहा वर्षांचा आहे. मिळालं तर घे, फक्त त्यासाठी धावू नकोस.

तर आकडा. तुझ्या नव्या शीटमध्ये माझ्या हिशेबाने असतील १६ ते १८ : न्यू जर्सीची पाचही, न्यूयॉर्क-फिलाडेल्फियातली एम.डी. सहा-सात (९० क्रेडिट्सवाली वगळून), डी.ओ. आणखी तीन, गाइसिंगर, आणि मनाला वाटेल ते एखाद-दुसरं, मग ते कोलंबिया का असेना. ॲमकॅसला पहिल्या कॉलेजचे पावणेदोनशे डॉलरच्या आसपास आणि पुढच्या प्रत्येकाचे पन्नासच्या आसपास, त्यावर सेकंडरीची फी वेगळी, शंभराच्या आसपास धर. चाळीस कॉलेजं म्हणजे पाच-सहा हजार डॉलर, आणि पैशांपेक्षा वाईट म्हणजे चाळीस ठिकाणचे सेकंडरी निबंध. नोकरी आणि पोरं सांभाळून चाळीस निबंधसंच कुणी चांगले लिहीत नाही, विसाव्यापासून सगळे सारखेच व्हायला लागतात आणि वाचणाऱ्याला ते लगेच कळतं, मी वाचते म्हणून सांगते. एकीने आम्हाला दुसऱ्याच कॉलेजचं नाव ठेवून निबंध पाठवला होता, बिचारी.

वेळेचं तेवढं पाळ. अर्ज मेमध्ये उघडतो, जूनच्या पहिल्या आठवड्यात सबमिट झालाच पाहिजे, कारण जागा भरत भरत जातात आणि व्हेरिफिकेशनला (ॲमकॅस तुझे मार्क तपासतं त्याला) आठवडेच्या आठवडे लागतात. यादी पक्की झाली नसेल तर एकच कॉलेज टाकून सबमिट कर, व्हेरिफिकेशन सुरू होतं, बाकीची नंतर जोडता येतात. सेकंडरी आली की दोन आठवड्यांत परत. भारतवारी जुलै-ऑगस्टमध्ये ठेवली असशील तर या वर्षी पुढे ढकल, गणपतीला घरच्यांना फोटो पाठव.

त्या तीन प्रश्नांच्या ईमेल या आठवड्यात पाठव. उत्तरं आली की नवी शीट मला दाखव, रँकचा कॉलम डिलीट करून.